प्रश्नचिन्हांची यादी

पडद्यावर सभासदांची यादी होती. अनुक्रमांक बरोबर, फोन नंबर बरोबर, वर्गणीच्या रकमा बरोबर. नावाच्या रकान्यात मात्र प्रत्येक ओळीला नुसती प्रश्नचिन्हं. संकेतस्थळ डॉटनेटन्यूक या संकेतस्थळं चालवणाऱ्या प्रणालीवर होतं आणि नोंदणीचं मॉड्यूल कुणीतरी खास बनवून दिलेलं. टेबलातला कॉलम ‘एनव्हारचार’, म्हणजे युनिकोड घेणारा होता. चूक एक पायरी अलीकडे सापडली: नोंद करणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये नावाचं पॅरामीटर साधं ‘व्हारचार’ होतं. एक ‘एन’ राहिला आणि देवनागरी अक्षरं दारातच गळाली. चाचणी इंग्रजी नावांवर झाली असणार. प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. ती सगळी नावं कागदी फॉर्मवरून पुन्हा टाइप करावी लागली.

तेव्हापासून कुठलंही मॉड्यूल हातात आलं की ते डेटाबेसशी कसं बोलतं, हे मी सगळ्यात आधी बघतो. पडदे आणि बटणं नंतर.

शॉन वॉकर यांनी मायक्रोसॉफ्टच्या ‘आयबायस्पाय पोर्टल’ या नमुना प्रकल्पावरून बेतलेली आपली प्रणाली डिसेंबर २००२मध्ये खुली केली. तिचंच पुढे डॉटनेटन्यूक झालं. त्यात डेटाबेसशी बोलण्याची जी पद्धत रुजली ती थरांची. वर एक अमूर्त क्लास, त्याखाली एसक्यूएल सर्व्हरसाठीचा प्रत्यक्ष क्लास, त्याखाली स्टोअर्ड प्रोसिजर. उद्या डेटाबेस बदलला तर एकच थर बदलावा, हा हेतू. माझ्या कामात एकाही ग्राहकानं मॉड्यूलचा डेटाबेस बदलला नाही. ‘पिनकोडचा एक कॉलम वाढवा’ हे मात्र प्रत्येकानं सांगितलं. त्या एका कॉलमसाठी टेबल, नोंद-दुरुस्ती-वाचन-यादी अशा चार प्रोसिजर, माहितीचा क्लास, अमूर्त क्लास, प्रत्यक्ष क्लास आणि कंट्रोलर, म्हणजे नऊ ठिकाणी हात घालायचा. आठ ठिकाणी आठवलं आणि नववं राहिलं, तर कॉलम दिसतो पण जतन होत नाही. डेटाबेसशी बोलणाऱ्या या थराला ‘डीएएल’ म्हणतात. मधल्या काळातल्या ‘डीएएल प्लस’नं मधले थर काढून प्रोसिजरला थेट हाक मारण्याची सोय केली, पण प्रोसिजरींचा पसारा तसाच राहिला.

२०१२मध्ये आवृत्ती ७ सोबत ‘डीएएल २’ आलं. त्याच्या पोटात ‘पेटापोको’ हे छोटं ओआरएम, म्हणजे क्लास आणि टेबल यांची सांगड घालणारं साधन आहे. क्लासवर टेबलाचं नाव आणि प्रायमरी की लिहिली की नोंद, दुरुस्ती, काढून टाकणं ही रोजची कामं रिपॉझिटरी करते. पिनकोड आता टेबलात आणि क्लासमध्ये, बस. मला याहून मोलाचा वाटतो तो ‘स्कोप’. एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक पोर्टल नांदतात, एकच मॉड्यूल चार पानांवर बसतं. क्लासवर मॉड्यूल-आयडीचा स्कोप लिहिला की रिपॉझिटरीकडे त्या मॉड्यूलपुरत्याच ओळी मागता येतात. हाताने लिहिलेल्या क्वेरीत ही अट विसरली की शेजारच्या पोर्टलची माणसं आपल्या पानावर येऊन बसतात.

म्हणून सरळ टेबलांसाठी माझी निवड डीएएल २ हीच. वार्षिक वर्गणीच्या गोषवाऱ्यासारखा, चार टेबलं जोडून बेरजा करणारा अहवाल असेल तर मात्र मी आजही स्टोअर्ड प्रोसिजर लिहितो. ती उघडून वाचता येते, स्वतंत्रपणे चालवून बघता येते. रिपॉझिटरीच्या भरवशावर तेच काम लूपमध्ये केलं तर दोनशे सभासदांच्या यादीला एक आणि प्रत्येकाच्या वर्गणीला एकेक अशा दोनशे एक क्वेऱ्या जातात. डेव्हलपरच्या मशिनवर सभासद दहाच असतात, तिथे ते जाणवत नाही.

नवं साधन घेतलं म्हणून जुनी सवय जात नाही. डीएएल २च्या ‘फाइंड’मध्येही अटीची ओळ नाव जोडून बनवता येते, आणि मग इंग्रजीत आडनाव लिहिणारे गोव्याचे डि’सोझा शोधले की त्यांच्या नावातलं एकेरी चिन्ह क्वेरीची ओळ मध्येच तोडतं, पान कोसळतं. त्याच फटीतून कुणी जाणूनबुजून आपली क्वेरीही घुसवू शकतो. अटीत नावाच्या जागी ‘ॲट शून्य’ लिहून नाव वेगळं पाठवलं तर हा धोका उरत नाही.

मॉड्यूल कुणाच्याही हाती देण्याआधी मी एका चाचणी पोर्टलवर दोनच सभासद भरतो. एक ‘ज्ञानेश्वर’, देवनागरीत. दुसरा डि’सोझा, रोमन लिपीत. मग दुसरं पोर्टल उघडून त्यांना तिथे शोधतो. तिथे यादी रिकामी निघाली पाहिजे.