आहुप्याच्या वाटेवरची टिपणं

मंचरला पुणे-नाशिक महामार्ग सोडला की घोडेगाव, मग डिंभे, आणि पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने आहुप्याकडे. गाडीत आमच्या मंडळीचा तरुण संघ. मागच्या सीटवर ढोलकी आणि 'उपासना संगीत'च्या प्रती, डिक्कीत जुन्या कपड्यांची गाठोडी. पाळकसाहेबांनी सगळ्यांना मननासाठी एकच उतारा दिलेला : लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी. रस्त्यावरची गोष्ट रस्त्यावरच वाचावी, असं त्यांचं म्हणणं. पटलं.

*

डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 ला परदेशी कापडाचा ट्रक अडवायला काळबादेवीच्या रस्त्यावर आडवे झाले आणि चिरडले गेले. ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. गाडीतल्या निम्म्या पोरांना दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या. संडे स्कूलमध्ये यरीहोचा नकाशा पाठ करून घेतात, आपल्या जिल्ह्याचा नाही.

*

शोमरोन्याच्या गोष्टीतलं मला आवडतं ते जखमांवर तेल ओतणं नाही. त्याने आपला प्रवास अर्ध्यात थांबवला, जखमीला आपल्या जनावरावर बसवलं (म्हणजे स्वतः पायी चालला), धर्मशाळेत रात्रभर सोबत राहिला, दोन दिनार मोजले आणि वर उधारी डोक्यावर घेतली. दया आली, इतकंच लिहून लूक थांबत नाही. पुढचा सगळा हिशेब मांडतो.

*

माळीण याच धरणाच्या वरच्या अंगाला आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. मुसळधार पाऊस, धुकं; गाव गाडलं गेल्याचं बाहेर कोणालाच कळलं नव्हतं. कळलं ते नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीमुळे. चालकाला समोर गाव दिसेना, चिखल दिसला. त्याने मागे जाऊन खबर दिली आणि मग यंत्रणा हलली.

पोरांना म्हटलं, शोमरोनी आजच्या काळात कसा दिसत असेल ते शोधायला फार लांब जायला नको. खाकी कपडे, हातात स्टिअरिंग. एकाने विचारलं, पण त्याने वाचवलं कोणाला? प्रश्न बरोबर आहे. त्या चिखलातून एकटा माणूस कोणाला काढणार होता? पाहिलं आणि त्याची खबर पोचवली, एवढंच त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने केलं. उताऱ्यातल्या याजकाने आणि लेव्याने पाहिलं होतंच की. पाहून ते दुसऱ्या बाजूने निघून गेले.

*

घाटात गाणी चालली होती, बहुतेक रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळकांच्या विश्वासाची सुरुवातही प्रवासातच झाली. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो कोण, कुठला, पत्ता नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट प्रवचनात नेहमी इथेच संपते. पुढची पाच-एक वर्षं लक्ष्मीबाईंनी नवऱ्याशिवाय, नातेवाइकांच्या दारी, पोराला घेऊन कशी काढली ते 'स्मृतिचित्रे'त आहे. त्याही पुढे ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या वेळेला. एकाच्या विश्वासाची किंमत घरातलं दुसरंच माणूस मोजतं, हे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

*

आहुपे. सह्याद्रीची धार इथे तुटते, खाली थेट कोकण. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड. वस्ती महादेव कोळ्यांची. गावाला लागून भैरवनाथाची देवराई. आत शेकरू, वर आभाळ दिसत नाही इतकी गच्च पालवी. देवराईतलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही, असा जुना दंडक.

पोरांत कुजबुज : दुसऱ्याच्या देवाच्या रानात चपला काढायच्या का? काढल्या. मोशेलाही जळत्या झुडपापुढे पायतण काढायला सांगितलं होतं, आणि ते झुडूप काही मंदिरात नव्हतं. सृष्टी देवाची, हे आम्ही दर रविवारी म्हणतो. चूल पेटवायला लाकूड हवं असताना ते जिथल्या तिथे पडू देणारं गाव ही गोष्ट आमच्यापेक्षा गंभीरपणे घेतं, असं माझं मत झालं. पाळकसाहेब हसले, वाद घातला नाही.

*

एका घरी आजींनी ओटीवर बसवलं. गाठोडं पुढे केलं तर म्हणाल्या, "कपडं हायती, बाबा. बसा, च्या घ्या." कोरा चहा, गूळ जास्त.

पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांनी चहा घेतला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तेव्हा ख्रिस्त्यांच्या हातचा चहा बाटवत होता. आजींनी आम्हाला जात विचारली नाही, धर्मही नाही. विचारलं ते एवढंच : जेवून जाणार ना?

आमच्याजवळ पत्रकं नव्हती, हे फार बरं झालं. मदतीला दोरी बांधली की ती मदत राहत नाही, गळ होतो. आदिवासी वस्त्यांवर जाणाऱ्या कुठल्याही धर्माच्या गाडीला हे लागू आहे.

*

पंडिता रमाबाई आठवल्या. याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, त्यांचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. आईवडील आणि बहीण त्यांनी स्वतः दुष्काळात गमावली होती. भावाबरोबर देशभर हजारो मैल त्या पायी हिंडल्या होत्या. भुकेची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. म्हणून त्यांच्या करुणेत उपकार केल्याचा आव नाही.

*

या भागाचं नगद उत्पन्न म्हणजे हिरडा. एप्रिल-मेमध्ये झाडावर चढून कोवळा बाळहिरडा काढायचा, उन्हात वाळवायचा, विकायचा. झाडं वाडवडिलांची. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं जबर नुकसान झालं, आणि भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. जुन्या सदऱ्यांनी यातलं काय भरून निघणार?

नाताळच्या आधी आदिवासी पाड्यांवर कपडे वाटायला निघणाऱ्या मंडळ्यांना माझी विनंती आहे : गाठोडी घरी ठेवा. गेलात तर नाचणी, वरई, बाळहिरडा विकत घ्या, सांगितलेल्या भावाने घ्या, घासाघीस करू नका. आणि ओटीवर बोलावलं तर बसा.