चप्पल घालून नळ सोडा

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दिवेआगरला गेलो ते आईसाठी. तिचं माहेर बोर्ली पंचतनचं, दिवेआगरला अगदी लागून. लग्न होऊन ती पुण्याला आली, पुढे मामा गेला, घराला कुलूप लागलं आणि तिकडे जाणं सुटलंच. तेव्हा तिचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे धड नाहीत, ताम्हिणीच्या वळणांवर तिला मळमळतं, तरी या वेळी विषय तिनेच काढला होता. तिच्या या सुट्टीची ज्यांनी वाट लावली त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हॉटेलाचं नाव मी लिहीत नाही. जे घडलं ते मात्र लिहायला हवं, कारण अशी हॉटेलं आता किनाऱ्यावर गावोगाव उभी राहताहेत आणि आपण त्यांत म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन उतरतो.

बुकिंग फोनवर केलं होतं. फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. खोलीचा दर ४,५०० रुपये, नाश्ता धरून. दोन खोल्या, शुक्रवार ते सोमवार, अर्धी रक्कम आगाऊ. मी बोलणाऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, की आई जिना चढू शकत नाही, तिला तळमजल्यावरची खोली हवी आणि बाथरूममध्ये कमोड हवा. "हो मॅडम, लिहून घेतलं, काही टेन्शन घेऊ नका," असं उत्तर आलं.

दुपारी बाराला पोचलो तर रिसेप्शनवर एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा होता. त्याच्याकडे वही होती, वहीत आमचं नाव होतं आणि नावापुढे पहिल्या मजल्याच्या दोन खोल्यांचे नंबर. तळमजला एका कंपनीच्या ग्रुपला दिलेला. खोल्या अजून साफ व्हायच्या होत्या, कारण साफ करणाराही तोच. आई तीन वाजेपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. तळमजल्याचं मी पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मला काहीच बदलता येत नाही. साहेबांना फोन लावतो." साहेबांनी फोन उचलला नाही. शेवटी माझ्या नवऱ्याने आणि त्या पोराने दोन्ही बाजूंनी धरून आईला वर नेलं. मधे दोनदा ती पायरीवर बसली.

खोलीचं थोडक्यात सांगते. खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती. समुद्र सुरूच्या बनापलीकडे, चालत पंधरा मिनिटांवर. चादर ओलसर, गादीला कुबट वास, बाथरूमचं दार फुगलेलं, त्यामुळे कडी लागत नव्हती. वीज गेली की जनरेटर फक्त रिसेप्शनपुरता चाले. यातलं बरंचसं मी सोसलं असतं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, भिंतींना ओल येते. म्हणूनच तिथल्या इमारतीकडे दर पावसाळ्यानंतर कुणीतरी बघावं लागतं, आणि इथे बांधून झाल्यावर कुणी फिरकलंच नसावं.

आईने चूळ भरली आणि लगेच म्हणाली, "हे बोअरचं पाणी. आमच्या विहिरीचं असं नव्हतं." पाणी मचूळ होतं. साबणाला फेस येईना, केस धुतल्यावर चिकट राहिले. आईला हे कळलं यात नवल नाही, ती विहिरीच्या काठावर वाढलेली. किनाऱ्याच्या वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जुन्या विहिरी उथळ असत, रहाटाने बेताचा उपसा होई, आणि वरचं गोडं पाणी वाडीला नि घराला पुरे. बोअर त्या थराखाली जाते, पंप तासन्‌तास चालतो, आणि मे अखेर गोडं पाणी आटत आलेलं असतं. मग खालचं खारं पाणी वर येतं. इतक्या खोल्या आणि वर पोहण्याचा तलाव एका बोअरवर चालवायचा, तर दुसरं काय होणार? तलावातलं पाणी तर हिरवं झालं होतं. लेक पोहण्याचा पोशाख घालून खाली गेली आणि तशीच परत आली.

प्यायला बाटल्या विकत घ्यायच्या. जेवणात 'स्पेशल फिश थाळी' होती. त्यातला मासा बासा होता, मुंबईहून गोठवून आलेला. स्वयंपाकी उत्तराखंडचा, भला माणूस. त्यानेच ते सांगितलं आणि वर म्हणाला, इथला मासा घ्यायला मालक पैसे देत नाही. भरडखोलचं बंदर तिथून जवळच. एक जूनला मासेमारी बंद व्हायची होती, म्हणून शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या आणि होड्या भरून येत होत्या. आम्ही संध्याकाळी तिकडे गेलो तर टोपल्यांत ताजी कोळंबी आणि बोंबील होते, आणि आमच्या ताटात बासा. मला हे पाण्याहूनही जास्त लागलं. कोकणात माणूस जातो कशासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाथरूममध्ये गेली आणि एकदम ओरडली. दाराची कडी लागत नव्हती म्हणून मी लगेच आत जाऊ शकले. ती भिंतीला टेकून उभी होती, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. "नळाला हात लावला तर झिणझिण्या आल्या," म्हणाली. मला वाटलं, चक्कर आली असेल. नवऱ्याच्या गाडीत टेस्टर असतो. त्याने तो आणून नळाला लावला, तर टेस्टरचा दिवा लागला. मग शॉवरच्या दांडीला लावला, तिथेही लागला. गीझरचं बटण बंद केल्यावर विझला.

मी धावत खाली गेले. पोरगा ग्रुपसाठी चहाचे कप भरत होता. नळाला करंट येतोय म्हटल्यावर तो दचकला नाही, घाबरला नाही. चहाची किटली हातातच ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाला, "हो ताई, त्या बाजूच्या खोल्यांना येतो. चप्पल घालून नळ सोडा, मग काही होत नाही."

त्याला माहीत होतं. स्वयंपाक्यालाही माहीत होतं. एप्रिलमध्ये एका पाहुण्याने तक्रार केली होती, वहीत ती लिहिलेली होती आणि पोराने ती मला दाखवली. त्याने साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, सीझन संपला की बघू. खोल्या बंद ठेवायचा अधिकार त्याला नव्हता, वायरमन बोलवायला पैसे नव्हते, मेनबोर्डच्या खोलीची किल्लीसुद्धा त्याच्याकडे नव्हती. त्याच्या हातात होतं ते एवढंच, की येणाऱ्या माणसाला चप्पल घालायला सांगायचं, आणि आम्ही तीन वाजता थकूनभागून खोलीत शिरलो तेव्हा त्या गडबडीत तेही राहून गेलं.

गीझरच्या आतला हीटर खराब झाला की पाण्यात वीज उतरते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते, पण खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी गंजून तुटायला वेळ लागत नाही. म्हणूनच बोर्डावर एक वेगळी कळ बसवतात. ३० मिलीअँपिअर वीज गळती झाली तरी ती क्षणात पुरवठा तोडते. खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याहून कमी पैशात ती मिळते. हे मला नवऱ्याने त्या दिवशी समजावलं, तो याच कामातला आहे. ओल्या फरशीवर, अनवाणी, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मी अजूनही तो विचार पुढे नेत नाही.

या वेळी फोन मी माझ्या मोबाइलवरून लावला आणि साहेबांनी उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. ते पनवेलला होते आणि मूळ मालकही नव्हते, त्यांनी ही जागा चालवायला घेतली होती. अशा आणखी दोन जागा त्यांच्याकडे होत्या. मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, गीझर बंद ठेवा ना. मे महिन्यात गरम पाणी लागतं कुणाला?" मी म्हटलं, वरच्या मजल्यावर लहान मुलं आहेत, आत्ता वायरमन पाठवा. "आज शनिवार, उद्या रविवार. सोमवारी बघतो. थोडं ॲडजस्ट करा, सीझन आहे." मूळ मालकाचा नंबर मागितला, तो मिळाला नाही.

नवऱ्याने मजल्यावरच्या प्रत्येक खोलीचं दार वाजवलं आणि गीझरचं बटण चालू करू नका म्हणून सांगितलं. ठाण्याच्या एका कुटुंबाला आदल्या रात्रीच झटका बसला होता. त्यांनाही चप्पल घालायला सांगितलं होतं आणि त्यांनी घातली होती. पोराने चिकटपट्टीने बटणांवर कागद लावले. ते त्याला आधी सुचलं नाही यात त्याचा दोष मी धरत नाही. चौदा खोल्यांचं रिसेप्शन, सफाई, चहा आणि पंप एकट्यावर, झोपायला रिसेप्शनचा बाक, आणि दोन महिन्यांचा पगार अडकलेला. आईने त्याला जवळ बसवून विचारलं तेव्हा तो हे बोलला, नाहीतर बोललाही नसता.

आम्ही सामान बांधलं. निघताना त्याने जे बिल पुढे केलं ते साध्या कागदावरचं होतं. सोमवारपर्यंतची पूर्ण रक्कम आणि वर १२ टक्के कर. जीएसटीचा नंबर मात्र कुठेच नाही. नोंदणीच नसेल तर पाहुण्याकडून कर घेताच येत नाही. आम्ही म्हटलं, एका रात्रीचे पैसे आगाऊ रकमेतून कापा आणि उरलेले परत द्या. पोराचा चेहरा पडला. "साहेब माझ्या पगारातून कापतील." मग नवऱ्याने बिलाच्या मागे सगळं लिहिलं: नळाला वीज, टेस्टरची वेळ, फोनवरचं बोलणं, आणि या मुलाने पैसे मागूनही आम्ही दिले नाहीत. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या, त्या कागदाचे आणि वहीतल्या एप्रिलच्या तक्रारीचे फोटो काढले आणि कागद त्याच्याजवळ ठेवला.

मे अखेरचा शनिवार, गावात जागा मिळणं कठीणच. चार घरं हिंडल्यावर एका काकूंनी पडवीलगतची खोली दिली. ती त्यांच्या मुलाची होती. मुलगा वर माळ्यावर झोपायला गेला. "आजींना पायरी नको ना, मग ही घ्या." एवढाच व्यवहार, पैशांचं बोलणं नंतर झालं. पाणी विहिरीचं. रात्री वालाची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. रविवारी मोदक, तेही मी न सांगता. आई आणि काकूंच्या बोलण्यात बोर्लीची कितीतरी नावं निघाली. अर्ध्या माणसांना मी कधी पाहिलेलंही नाही.

काकूंनीच सांगितलं, की त्या हॉटेलाच्या जागी वाडी होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि दुपारच्या काही तासांत सुपाऱ्या, नारळ, सुरू आडवे झाले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर इथली कितीतरी घरं चालत आलेली. सुपारीचं रोप लावलं की हाताशी पीक यायला वर्षं जातात, तोवर खायचं काय? काहींनी कर्ज काढून पुन्हा लागवड केली, काहींनी घरातच पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, त्या वाडीच्या मालकाने जमीन विकली. त्याला मी नावं ठेवणार नाही. मला चीड येते ती पुढच्या साखळीची. घेणाऱ्याने हॉटेल बांधून दुसऱ्याला चालवायला दिलं, त्याने पनवेलला बसून एका पोराच्या अंगावर टाकलं, आणि नळाला वीज येते हे समजल्यावर 'आत्ताच्या आत्ता बंद' असं म्हणू शकेल असा एकही माणूस तिथे उरला नाही. काकूंच्या घरात दिवा फडफडला की काकू स्वतः उठून बघतात.

पुण्याला आल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवली. हॉटेलवाल्याला वेगळं पत्र पाठवलं, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्या, म्हणजे पुण्याच्या, जिल्हा आयोगात दावा लावता येतो आणि मी तो लावीन. खेपा रायगडला घालाव्या लागतील या धास्तीने लोक गप्प बसतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. काही आठवड्यांनी आगाऊ रकमेतली एक रात्र कापून बाकीचे पैसे खात्यात आले. सोबत एक ओळसुद्धा नव्हती. मला पैशांपेक्षा त्या नळांची काळजी होती, म्हणून विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला फोटोंसह लेखी कळवलं. त्याची पोच माझ्याकडे आहे आणि पुढे काय झालं ते मी विचारत राहणार आहे.

आईला आता परत जायचंय. काकूंकडेच उतरायचं, आणि तेही नारळी पौर्णिमेनंतर, विहिरी भरलेल्या असताना, असं तिने ठरवून टाकलं आहे.