रेषेबाहेरचा आवाज

आपण सगळी क्रिकेटवर वाढलेली माणसे. तिथे प्रशिक्षक पॅव्हेलियनमध्ये बसतो. क्षेत्ररक्षण कप्तान लावतो आणि चेंडू सोडायचा की मारायचा ते फलंदाज ठरवतो. त्यामुळे अमेरिकेत लहान मुलांचा फुटबॉल (तिकडे सॉकर म्हणतात) पाहताना मला खेळापेक्षा आवाजाचेच जास्त नवल वाटले.

२०२३ च्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला मुलाकडे होते. नात तेव्हा नऊ वर्षांची. त्या वयात तिथे एका बाजूला सातच खेळाडू असतात, मैदानही लहान. गावच्या लीगमध्ये प्रशिक्षक बहुधा कुणाची तरी आई नाहीतर बाबा, तेही बिनपगारी. नातीच्या संघाचा प्रशिक्षक माझाच मुलगा! (हे सारे त्याला वाचून दाखवूनच इथे लिहिते आहे.) सामना सुरू झाला की तो रेषेबाहेरून अखंड ओरडे. "पास दे! मागे ये! शूट!" त्यात पलीकडून इतर पालकांची भर. चेंडू पायाशी आला की नात आधी बाबाकडे बघायची आणि मग मैदानाकडे. तेवढ्यात समोरची मुलगी चेंडू घेऊन पसार.

एकदा घरी परतताना ती हळूच मला म्हणाली, "आजी, पुढच्या सीझनला मी नाही खेळणार. काहीही केलं तरी चुकतंच."

रात्री मुलाशी बोलले. त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. फुटबॉलमध्ये कबड्डी-व्हॉलीबॉलसारखा टाइम-आउट नसतो. मग सांगायचे कधी? नियमही रेषेबाहेरून सूचना द्यायला परवानगी देतात, फक्त एका वेळी एकानेच द्यायच्या. न सांगितले तर सगळ्या मुली चेंडूमागे झुंडीने धावतात. शिवाय, "आई, मी गप्प उभा राहिलो तर पालकांना वाटतं हा काही करतच नाही."

हे शेवटचे वाक्य मला फार खरे वाटले. शांत वर्ग आणि गप्प शिक्षक पाहिला की साहेबांनाही असेच वाटायचे!

पण मी भाषा शिकवणारी बाई. मला प्रश्न विचारून थांबण्याचे मोल ठाऊक आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना दिसले. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. मैदानावर चेंडू पायाशी येणे हा प्रश्नच की. उत्तर बाहेरून आले तर मूल उत्तर शोधायचे सोडते आणि सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला शिकते. शिवाय सूचना ऐकायची, समजून घ्यायची, मग पाय हलवायचा. तोवर मैदानावरचे चित्र बदललेले असते.

हा विचार काही माझ्या एकटीचा नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात ओहायोमधील क्लीव्हलंडच्या परिसरात मुलींच्या एका लीगने 'सायलेंट संडे' पाळला होता. पालक आणि प्रशिक्षक, दोघांनीही गप्प बसायचे. पुढे असे दिवस इतरत्रही पाळले जाऊ लागले. काही ठिकाणी तर पालकांना तोंडात धरायला लॉलीपॉप देतात!

मुळीच बोलू नये, असे मात्र मला वाटत नाही. कुणी पडले, घाबरले, तर बोलावेच. चेंडू बाहेर गेला असताना एखादी आठवण द्यावी. चांगल्या खेळाला शाबासकी तर हवीच, मध्यंतर आहेच. पण चेंडू ज्या मुलाच्या पायाशी आहे, ते दोन-तीन क्षण त्याचे एकट्याचे असावेत.

मुलाने एक प्रयोग केला. पुढच्या सामन्याला वही घेऊन गेला आणि ओरडावेसे वाटले की लिहू लागला. पालकांनाही आधी निरोप धाडला होता. सामना ४-१ ने हरले. पहिली काही मिनिटे मुली गोंधळून त्याच्याकडे बघत होत्या. मग हळूहळू मैदानातूनच आवाज येऊ लागले. "मी इथे आहे!" "मागे बघ!" मुली एकमेकींना सांगत होत्या! हे आवाज आधीही असतील कदाचित, पण आमच्या गलक्यात ऐकू कुठून येणार? वहीत दोन पाने भरली होती. ती त्याने पुढच्या सरावाला वापरली.

नात पुढच्या सीझनला खेळली. चुका अजूनही करते, पण आता त्या तिच्या स्वतःच्या असतात आणि जेवताना त्यांच्याबद्दल भरभरून बोलते.

असो. आपल्याकडेही हल्ली सुट्टीत मुलांना फुटबॉलच्या शिबिरांना घालतात. कधी मैदानाच्या कडेला उभे राहिलात, तर पाचच मिनिटे गप्प राहून पाहा. सोपे नाही हं!