उजवीकडे समुद्र, डावीकडे द्राक्षबागा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या ‘हायवे वन’वरचा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे निघालेल्या गाडीला समुद्र अगदी लगत मिळतो आणि क्षणभर थांबण्याच्या जागाही त्याच बाजूला येतात. चालकाला मात्र वळणांवरून नजर काढता येत नाही. समुद्र येतो तो शेजारी बसलेल्याच्या वाट्याला. म्हणून या वाटेवर सोबती असा निवडावा, जो स्टिअरिंग हाती घेण्यास तुमच्याइतकाच समर्थ असेल.

माझ्याबरोबर महाविद्यालयापासूनची एक मैत्रीण होती. तिने मद्यपान सोडल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. ‘रेड वाइन हृदयाला चांगली असते’ या समजुतीच्या आधाराने रात्रीच्या जेवणासोबत सुरू झालेला एक पेला हळूहळू तीनांवर गेला, मग यकृताच्या तपासण्या बोलू लागल्या, आणि एके दिवशी तिने तो पूर्णपणे थांबवला. हे लिहिण्याची परवानगी देताना तिने एकच अट घातली : ‘बिचारी’ हा शब्द कुठेही यायला नको.

आता आमच्या वाटेचा मधला टप्पा पासो रोबल्सचा, म्हणजे जगभर नावाजलेल्या वाइनप्रदेशांपैकी एकाचा. तो वगळावा का, असे मी निघण्यापूर्वीच विचारले. ती म्हणाली, “पेल्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. मला ती जमीन पाहायची आहे.” तुमच्या घरात, नात्यात असे कुणी असेल, तर हा प्रश्न असाच, घर सोडण्यापूर्वी आणि सरळ विचारावा. त्या माणसाला सहलीतून गुपचूप गाळणे वाईट, आणि काही घडलेच नव्हते असे भासवून त्याला थेट पेल्यांसमोर उभे करणे त्याहून वाईट. व्यसन सुटून काहीच महिने झाले असतील, तर मात्र अशा प्रदेशाचा बेत पुढे ढकलावा आणि आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे.

आम्ही सप्टेंबर निवडला. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, स्वेटर घालावा लागतो, हे प्रथम जाणाऱ्याला खरे वाटत नाही. उत्तरेकडून येणारा सागरी प्रवाह थंड, त्यातच वाऱ्यामुळे तळाचे गार पाणी वर येते. त्यावरून वाहणारी दमट हवा निवते आणि धुके होते. आतला मुलूख तापला की ते धुके खिंडींतून आत ओढले जाते. सप्टेंबरात ते काहीसे विरळ होते. हे धुके लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ आहे.

पहिला मुक्काम सुमारे 190 किलोमीटरांवरच्या मॉन्टेरेला. वाटेत वॉटसनव्हिलच्या स्ट्रॉबेऱ्या आणि कॅस्ट्रोव्हिलचे आर्टिचोक रस्त्याकडेच्या दुकानांत मिळतात. गाडीत तोंडात टाकायला चिप्सच्या पुड्यांपेक्षा स्ट्रॉबेऱ्या केव्हाही बऱ्या. मॉन्टेरे एके काळी सार्डिन मासळीच्या डबाबंद कारखान्यांचे गाव होते. जॉन स्टाइनबेक यांच्या 1945 सालच्या ‘कॅनरी रो’ या कादंबरीमुळे ते साहित्यात अजरामर झाले. पुढे मासळी नाहीशी झाली आणि कारखाने बंद पडले. त्यांतल्याच एका कारखान्याच्या जागी 1984 मध्ये प्रसिद्ध मत्स्यालय उघडले. काचेपलीकडे केल्प या समुद्री वनस्पतीचे उंच रान लाटांच्या तालावर डुलत असते. त्यासमोर बाकावर अर्धा तास नुसते बसावे. बाहेर जुन्या रेल्वेमार्गावरून केलेली सपाट पायवाट किनाऱ्यालगत पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत जाते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही ती झेपते.

कार्मेलपासून सॅन सिमिऑनपर्यंतचे सुमारे 145 किलोमीटर म्हणजे बिग सर. हा रस्ता 1937 मध्ये खुला झाला. त्यावरचा बिक्सबी पूल त्याआधीच, 1932 मध्ये, उभा राहिला होता. एका हाताला सांता लुसिया पर्वत सरळ उठलेला, दुसऱ्या हाताला तो सरळ पाण्यात उतरलेला. अंतर पाहून दोन-अडीच तासांचा हिशेब करू नका, पूर्ण दिवस द्या. वळणांनी मळमळणाऱ्याने पुढच्या आसनावर बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, फोनमध्ये मुळीच घालू नये. फोनला संपर्कही बहुतेक ठिकाणी मिळत नाही. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, पेट्रोल भरून निघावे, नेहमीची औषधे सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावीत. दर तास-दीड तासाने उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, म्हणजे पोटऱ्यांतले रक्त साकळत नाही. मागे पाच वाहने साचली, तर बाजूला होऊन त्यांना वाट देणे हा तिथला कायदाच आहे. घाईच्या माणसाला हा नियम जाचतो, आम्हाला तो विश्रांतीचे निमित्त वाटला. दरडींमुळे हा मार्ग वारंवार बंद पडतो (मे 2017 मध्ये मड क्रीक येथे कोसळलेल्या कड्याने तो वर्षाहून अधिक काळ अडवला होता), तेव्हा निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याकडून स्थिती जाणून घ्यावी. बंद असेल, तर आतल्या बाजूने जाणारा 101 क्रमांकाचा महामार्ग आहेच.

सॅन सिमिऑनजवळ पिएद्रास ब्लांकासच्या वाळूवर हत्ती-सील पहुडलेले असतात. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी यांची जवळजवळ पूर्ण कत्तल झाली होती. या किनाऱ्यावर ते 1990 मध्ये आले आणि राहिले.

इथून पुढे आमच्या बेताचा खरा विचार सुरू होतो. मैत्रिणीने एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती : अवघड असते ती संध्याकाळ, साडेपाच ते आठ. सकाळी तिला काही वाटत नाही. पासो रोबल्स समुद्रापासून पन्नासेक किलोमीटरच दूर, तेव्हा आम्ही मुक्काम वाइनगावात न करता किनाऱ्यावरच्या केंब्रियात केला. सकाळी द्राक्षबागा, संध्याकाळी समुद्र. जाण्यायेण्याचा 46 क्रमांकाचा रस्ता टेकड्यांच्या माथ्यावरून जातो आणि परतताना एका वळणावर खाली दूरवर मॉरो रॉक हा समुद्रातला प्रचंड खडक दिसतो. त्या वळणावर ती दररोज गाडी थांबवायला सांगे.

बागांमध्ये सकाळी दहाला पोहोचलात, तर टेस्टिंग रूममधली गर्दी टळते आणि तोडणीही पाहायला मिळते. आपल्या नाशिककडे खाण्याची द्राक्षे बहुधा मांडवावर चढवलेली असतात. इथे वेली तारेच्या आधाराने रांगेत उभ्या, जेमतेम छातीइतक्या. दिवस तापलेला, रात्र कडक गार, कारण टेकड्यांच्या खिंडीतून तेच समुद्री धुके आणि वारा आत येतो. उन्हाने साखर चढते, गारव्याने आंबटपणा टिकतो. नाशिकला गेल्या शतकाच्या अखेरीस वाइनची द्राक्षे लावली गेली, तेव्हा मार्गदर्शन करणारा वाइननिर्माता कॅलिफोर्नियातूनच आला होता, हे सांगितल्यावर तिने वेलीकडे माहेरच्या नात्याने पाहिले.

टेस्टिंग रूमचे गणित नीट समजून घ्या. एका वेळी ओततात साधारण 30 मिलिलिटर, म्हणून ते किरकोळ वाटते. अशा पाच चवी म्हणजे 150 मिलिलिटर, म्हणजे पूर्ण पेला आणि त्यातून किमान 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. इथल्या तीव्र वाइनमध्ये 18 ग्रॅमच्या आसपास. दुपारपर्यंत तीन ठिकाणे केली की तीन पेले झाले. टेबलावरचे भांडे चव घेऊन थुंकण्यासाठीच असते, त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. पण ज्याच्या हाती गाडी आहे त्याने चवही घेऊ नये. कॅलिफोर्नियात रक्तातील अल्कोहोलची मर्यादा 0.08 टक्के आहे. तिच्या आत असणे म्हणजे घाटात सुरक्षित असणे नव्हे. हृदयाच्या समजुतीबद्दलही बोलायला हवे. अल्कोहोल हे कर्करोगकारक द्रव्य आहे आणि आरोग्याला निर्धोक अशी त्याची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. औषध म्हणून वाइन पिण्याला आधार उरलेला नाही.

आम्ही दुपारी चालक बदलत असू. त्यामुळे दिवसभर दोघींपैकी कुणीतरी गाडीचे कारण सांगू शकत होती. पण मैत्रिणीने ते कारण कधी वापरलेच नाही. टेबलापाशी उभ्या तरुणाने पेला पुढे केला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मी पीत नाही. पण द्राक्ष चाखायला मिळेल का?” त्याने पाणी दिले आणि आम्हाला रांगेत नेऊन एक घड तोडून दिला. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांनी भरलेले असते. तोडणीच्या वेळी त्यात वजनाच्या सुमारे 24 टक्के साखर असते, खाण्याच्या द्राक्षांपेक्षा बरीच अधिक. मधुमेहींनी चारदोन मण्यांवर थांबावे. तिने एक मणी बराच वेळ चघळला, बिया तळहातावर काढल्या आणि त्या रुमालात बांधून घेतल्या. ‘अल्कोहोलविरहित’ वाइनही तिथे मिळत होती, ती तिने नाकारली. अशा बाटलीतही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, आणि तोच गंध, तोच पेला पुन्हा हाती येणे हे सोडलेल्या माणसाला मागे ओढू शकते.

दक्षिणेकडे सॅन लुइस ओबिस्पो लागते. बार आणि उपाहारगृहांसह सर्व बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी घालणारे हे पहिले शहर, साल 1990. तेव्हा ती विक्षिप्त कल्पना ठरली होती, आज आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलातही तशी पाटी असते. वाइनबाबत असे काही होईल असे मला वाटत नाही. पण ‘नको’ म्हणणाऱ्याकडे वळून पाहणे जगाने एका बाबतीत तरी सोडले, हे तिथल्या फुटपाथवर चालताना जाणवते.

शेवटचा मुक्काम सांता बार्बरा, 1925 च्या भूकंपानंतर पांढऱ्या भिंती आणि लाल कौलांनी पुन्हा उभारलेले शहर. इकडच्या अनेक लहान हॉटेलांत संध्याकाळी पाहुण्यांना मोफत वाइन देण्याची रीत आहे. खोली आरक्षित करतानाच ती विचारून घ्यावी. आमच्या हॉटेलात पाचच्या ठोक्याला खालच्या दालनात पेले मांडले जाऊ लागले. मैत्रिणीने जिन्यावरून ते पाहिले, खुंटीवरची शाल घेतली, गाडीची चावी खिशात टाकली आणि मला विचारले, “धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलं तर अंधाराआधी परत येऊ ना आपण?”