काय बसवलंय, कशासाठी बसवलंय

संगणकावर एखादा प्रोग्रॅम बसवणं फारसं अवघड नसतं. कोणती आवृत्ती आली, कुणाच्या गरजेपोटी आली आणि तिच्यामुळे आणखी काय काय आलं, याची नोंद चोख ठेवायला मात्र शिकावं लागतं. टर्मिनलवर माझा दिवस त्याच कामात जातो आणि मला ते मनापासून आवडतं.

हिंगोलीतल्या आमच्या लॅबमधल्या मशीन्सवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. तिच्यात पॅकेजं, म्हणजे बसवायचे प्रोग्रॅम, सांभाळणारं साधन म्हणजे ॲप्ट. 'ॲप्ट अपडेट' म्हटलं की नवीन काही बसत नाही, फक्त उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते. त्या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि तिच्यात प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला ठसा, असतो. त्यामुळे फाइल कुठल्याही मिररवरून येवो, वाटेत तिच्यात एक अक्षर जरी बदललं तरी ॲप्ट ती नाकारतं. 'इन्स्टॉल' म्हटल्यावर मागितल्याखेरीज आणखी काही येणार किंवा जाणार असेल, तर ते सांगून ॲप्ट होकारासाठी थांबतं. इथे मी मुलांना कीबोर्डवरून हात उचलायला लावतो. जाणाऱ्या पॅकेजांची ओळ आधी वाचायची. एका लहानशा गोष्टीपायी अख्खा डेस्कटॉप निघणार असेल, तर तेही त्या ओळीत लिहिलेलं असतं. कोणतं पॅकेज आपण मागितलं आणि कोणतं दुसऱ्याच्या गरजेनं आलं, हेही ॲप्ट लक्षात ठेवतं.

ॲप्ट डेबियनच्या 2.1 आवृत्तीत आलं, मार्च 1999 मध्ये. त्याच वर्षी 1 मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दोन्ही एकाच वयाचे, याचं मला उगाच अप्रूप आहे.

पावसाळ्यात ऐन अपग्रेडमध्ये लाइट जाते. अशा वेळी ॲप्टच्या खाली राबणाऱ्या डीपीकेजीचं मोल कळतं. ते पॅकेज आधी उलगडतं, मग त्याची मांडणी पूर्ण करतं, आणि प्रत्येक टप्पा एका साध्या मजकुराच्या फाइलीत टिपून ठेवतं. कोणतं नुसतंच उलगडलंय, कोणतं अर्धवट राहिलंय, सगळं तिथे असतं. लाइट आल्यावर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' एवढं लिहायचं. जे राहिलं होतं त्याच्याच 'सेटिंग अप'च्या ओळी एकामागून एक सरकू लागतात. पूर्ण झालेल्याला हात लागत नाही. या ओळी मी आजही शेवटपर्यंत बघत बसतो.

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपये मंजूर केले. आमच्या मुलांना या लहरींचं कुतूहल आहे, ते त्यामुळेच. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे पकडलेल्या पहिल्या लहरीचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. जीडब्ल्यूपाय हे पॅकेज बसवलं की लॅबमध्येच त्याचा आलेख काढता येतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात वर चढत जाणारी ती रेघ पडद्यावर उमटली की वर्गात शांतता पसरते.

पण जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालेलच असं नाही. नमपाय या पायथनच्या गणिती पॅकेजच्या 1.24 आवृत्तीत 'एनपी.फ्लोट' हे नाव काढून टाकलं आणि ते वापरणारे कित्येक प्रोग्रॅम पहिल्याच ओळींत अडू लागले. डेटा तोच, गणित तेच, तरी उत्तर नाही. म्हणून प्रत्येक कामाला कॉन्डा या साधनानं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांचा वेगळा संच, करायचं आणि त्यातल्या सगळ्या आवृत्त्या एका फाइलीत उतरवून घ्यायच्या. गुरुत्वीय लहरींवर काम करणारे शास्त्रज्ञही हेच करतात. त्यांच्या सामायिक एन्व्हायर्नमेंटच्या नावातच पायथनची आवृत्ती आणि तारीख असते. हॅनफर्डच्या डेटावरचं गणित पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत पुन्हा करून बघायचं, तर दोन्हीकडची हत्यारं तीच हवीत.

प्रोजेक्ट जमा करताना मी मुलांकडून ती फाइल आधी मागतो. कोऱ्या मशीनवर तिच्यावरून एन्व्हायर्नमेंट उभं करतो, प्रोग्रॅम चालवतो, मगच आलेख बघतो. फाइलीत नसलेलं एखादं पॅकेज मुलानं स्वतःच्या लॅपटॉपवर हातानं बसवलेलं निघालं, तर आलेख कितीही सुरेख असो, प्रोजेक्ट परत जातो.