रद्दीतून निघालेला चेहरा

स्वतःचे चित्र म्हटले की आधी आरसा आठवतो. पण चित्र कोलाजचे असेल तर आरशापेक्षा कपाटाचा खालचा खण जास्त उपयोगी पडतो. तिथे काय नसते! जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, मुलांची प्रगतिपुस्तके, केव्हाच मोडीत निघालेल्या मिक्सरचे वॉरंटी कार्ड, कुणाच्या तरी बारशाचे रिकामे पाकीट. आपण हे टाकत नाही आणि नीट लावतही नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो खण उपसला आणि त्यातल्या कागदांतून माझा चेहरा केला. फराळ, पाहुणे, भांडी सांभाळून तीन आठवडे लागले. ‘हे’ म्हणाले, “सुट्टीत दुसरं काही सुचलं नाही का?” खरे सांगायचे तर नाही सुचले.

हे खूळ डोक्यात आले ते शाळेत. मी एका शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. चित्रकलेच्या बाई रजेवर गेल्या आणि सहावीचा त्यांचा तास माझ्या वाट्याला आला. माझी चित्रकला एलिमेंटरी परीक्षेला ‘सी’ श्रेणी मिळण्याइतकीच. मुलांना म्हटले, घरात फुकट जाणारा कागद आणा आणि त्यातून प्रत्येकाने आपापला चेहरा चिकटवा. दुसऱ्या दिवशी वर्गात कागदांचा नुसता बाजार! एकाने पीएमपीच्या बसतिकिटांचे केस केले. एकीने मिठाईच्या खोक्यावरच्या सोनेरी कागदाचे डूल कातरले. एका पठ्ठ्याने कॅलेंडरवरच्या तारखा कापून त्यांचे दात लावले, पडलेल्या दाताची जागा बरोबर सोडून. मग एकाने तोंड रंगवायला रंगपेटीतली ‘स्किन कलर’ लिहिलेली गुलाबी ट्यूब मागितली. शेजारच्या मुलाने आपला हात त्या ट्यूबला लावून पाहिला आणि विचारले, “बाई, ही कुणाची स्किन आहे?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तास संपता संपता एक मुलगी म्हणाली, “बाई, तुमचं कुठाय?”

कोलाज हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ चिकटवणे. म्हणजे आपल्या शाळेतले चिकटकामच की! पॅरिसमध्ये १९१२ साली ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी भिंतीला लावायचा छापील कागद, वर्तमानपत्राचे तुकडे असले काहीबाही चित्रात चिकटवले आणि चिकटकामाला मोठ्या कलेचा मान मिळाला. मला मात्र त्या दोघांपेक्षा मेरी डिलेनी ही इंग्लंडमधली बाई जवळची वाटते. नवरा गेल्यानंतर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिने रंगीत कागदाच्या बारीक बारीक पाकळ्या कातरून काळ्या कागदावर फुले चिकटवायला सुरुवात केली. ही १७७२ च्या सुमाराची गोष्ट. डोळ्यांनी साथ दिली तोवर, म्हणजे दहाएक वर्षे, तिचे हे काम चालू होते. हजाराच्या आसपास फुले झाली आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ब्राक-पिकासोंच्या आधी सव्वाशे वर्षांहून अधिक!

आपल्याकडेही असे काही होतेच. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. पुढे रविवर्म्याचा छापखाना मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला आला. देवादिकांची रंगीत चित्रे मध्यमवर्गीयांच्या भिंतीवर लागली. आणि घरातल्या बायकांनी काय केले? छापील लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी नेसवली, जर लावली, टिकल्या आणि मणी टाचले. देवीचा चेहरा आणि हात तेवढे छापखान्याचे, बाकी सगळे घरच्या बाईचे. जुन्या वस्तूंच्या संग्रहांत अशी चित्रे अजून बघायला मिळतात. मला ती फार आवडतात, पण पाहताना दर वेळी एक विचार येतो. इतकी हौस, इतकी नजर, आणि नटवले कुणाला, तर देवीला. तीच टिकली, तीच जर घेऊन ‘ही मी’ असे म्हणणारी बाई मला एकाही चौकटीत भेटलेली नाही. हल्ली गोधडीला आपले कोलाज म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. गोधडी कितीही सुंदर असली तरी ती कुणाला तरी पांघरायला म्हणून शिवलेली असते.

असो. आता कामाचे सांगते, कारण दोन-तीन मैत्रिणींनी कृती विचारली आहे. पाया चांगला हवा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि तडकतो. पायाला मी हातकागद घेतला. तो सुती चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून वर्षानुवर्षे टिकतो. पुण्याला कागद काही नवा नाही. कसब्यात कागदीपुरा आहे, त्याचे नावच कागद करणाऱ्या कागद्यांवरून पडले. तिकडे जुन्नरचा कागद तर प्रसिद्धच होता. पुढे गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला. मग गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी १९४० साली शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. हे वाचल्यावर मला उगाच बरे वाटले. माझ्या चेहऱ्याखाली कुणाची तरी फाटकी बनियने आणि जुनेरी असणार!

खळ मी कणकेचीच केली. दोन चमचे कणीक कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायची, गुठळी होऊ द्यायची नाही. पूर्वी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी, तेव्हा लहान मुले असलेल्या घरात ते नको. त्यापेक्षा दोन दिवसांपुरतीच खळ करून फ्रिजमध्ये ठेवावी. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांना पाणी घातलेला फेव्हिकॉल बरा. ओला कागद ताणतो आणि सुकताना आकसतो, म्हणून चिकटवलेला तुकडा मधून कडेकडे बोटाने दाबत न्यायचा. वर कोरा कागद ठेवून पोळपाट आणि शब्दकोश यांचे वजन द्यायचे. आणि एक, दुकानातली किंवा एटीएमची गुळगुळीत पावती कधीही लावू नका. ती शाईने नव्हे, उष्णतेने छापलेली असते. वर्ष-दोन वर्षांत कोरी होते, इस्त्री फिरवलीत तर काळीठिक्कर. हवीच असेल तर तिची झेरॉक्स लावा.

आता कागदांची निवड. हा भाग मला सोपा वाटला होता. ज्यांवर ‘मी’ आहे ते कागद बाजूला काढायचे, एवढेच तर होते. म्हणून बसले चटई टाकून. वीजबिल सासऱ्यांच्या नावाचे, ते जाऊन सात वर्षे झाली तरी. गॅसचे पुस्तक यांचे. फ्लॅटचे कागद यांचे. रेशनकार्डावर सासूबाई, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. एका विमा पॉलिसीवर मी होते, ‘वारस’ या रकान्यात.

माझ्या स्वतःच्या नावाचे कागद निघाले खरे, पण तेही दोन बायकांचे निघाले! दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि बी. ए. ची पदवी एकीची. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि शाळेतले नेमणूकपत्र दुसरीचे. आमच्याकडे लग्नात नाव बदलले. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने नवे नाव लिहिले, पेढे वाटले गेले आणि माझे चार अक्षरांचे नाव जाऊन दोन अक्षरांचे आले. त्या वेळी मला काहीच वाटले नव्हते, उलट गंमत वाटली होती. नव्या साडीसारखे नवे नाव. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे तेव्हा घरात कुणीच बोलले नाही. मग नोकरीच्या वेळी पदवीवरची बाई आणि समोर बसलेली बाई एकच, हे सिद्ध करायची वेळ आली. त्यासाठी राजपत्रात जाहिरात दिली. त्या पानाची झेरॉक्सच खणात सापडली. एका बाजूला ‘जुने नाव’, दुसऱ्या बाजूला ‘नवीन नाव’, आणि मध्ये एक उभी रेघ.

ती रेघ मी नाकावर घेतली. डाव्या गालावर जुने नाव, उजव्या गालावर नवे. एवढे जमल्यावर बाकीचा चेहरा आपोआप सुचत गेला. केसांना वाण्याच्या याद्या. माझे हस्ताक्षर जगात सगळ्यात जास्त कशावर असेल तर तूरडाळ आणि साबण यांवर. त्या याद्यांच्या बारीक पट्ट्या केल्या आणि वरून काळ्या पोस्टर रंगाचा पातळ हात दिला, तरी ‘हिंग’ आणि ‘पोहे जाडे’ वाचता येतेच. कानाला कॅलेंडरची पाने. त्यांवर दुधाचा हिशेब आहे, सिलिंडर लावल्याची तारीख आहे आणि दर महिन्याला एक छोटासा ठिपका आहे. त्याचा अर्थ घरात मला एकटीलाच कळतो. तुम्हाला तो सांगायला नकोच. भुवया झाल्या लेकीच्या शाळेच्या डायरीतल्या माझ्या सह्यांच्या, ‘पाहिले’ असे लिहून खाली केलेल्या.

राहिला वर्ण. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी टंकून घेतलेली माहिती सापडली. त्यात ‘उंची’, ‘शिक्षण’ यांच्या खाली ‘रंग – निमगोरा’. बिचारे बाबा! मुलीच्या बापाला ‘सावळी’ हा शब्द किती जड जातो ते त्या एका शब्दात दिसते. मी खाकी पिशवीचा कागद घेतला, त्यावर गाळलेल्या चहाचे दोन हात दिले आणि वर तपकिरी रंगात पिवळा मिसळून तळहातानेच पुसून घेतले. माझ्याच हाताशी ताडून पाहिले, बरोबर जुळले. मग ‘निमगोरा’ हा शब्द कापून त्या सावळ्या कपाळावर टिकलीच्या जागी चिकटवला. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आईला अजून दाखवलेला नाही.

चित्र सुकायला जेवणाच्या टेबलावर ठेवले होते. ‘हे’ चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. डाव्या गालावरचे नाव त्यांनी पूर्ण वाचले, माझ्या वडिलांच्या नावासकट. म्हणाले, “हे मी पत्रिकेत एकदाच वाचलं होतं.” थोड्या वेळाने विचारले, “या नावाने हाक मारलेली आवडेल का तुला?” मी विचार केला. ते नाव आई घेते, भाऊ फोनवर घेतो, कॉलेजची एक मैत्रीण घेते. यांच्या तोंडी ते परकेच वाटले असते. “नको,” मी म्हटले, “पण ते विसरू नका.” यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. पुढच्या आठवड्यात यांनी आपणहून वीजबिलावरचे नाव बदलायचा अर्ज आणला आणि विचारले, कुणाचे घालू? तो अर्ज अजून टेबलावरच आहे, कारण तीही आता एक चर्चा झाली आहे!

लेकीचा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. ती दहा वर्षांची आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवले की, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे. तिला तो नियम लागू नाही, पण वर्गात बाईंनी सांगितल्यापासून तिने आपल्या वह्यांवर तसे लिहायचे मनावर घेतले आहे. चित्रासमोर उभी राहून तिने एकदा डावा गाल पाहिला, एकदा उजवा, आणि म्हणाली, “आई, मधे तुझं कुठलं लिहू?” मी म्हटले, सध्या जागा सोड.

सासूबाई आधी या प्रकरणापासून लांबच होत्या. “वेळ जात नाही वाटतं,” असे एकदा म्हणूनही झाले. एका दुपारी मी शाळेतून आले तर त्या चित्रासमोर बसलेल्या. म्हणाल्या, “माझंही बदललं होतं गं.” लग्नाला बारा वर्षे झाली माझ्या, पण त्यांचे माहेरचे नाव मला ठाऊक नव्हते. यांनाही नव्हते. त्यांनी ते सांगितले, अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात. सुंदर नाव आहे. मग त्यांनी विचारले, “माझं करशील का असं?” मी म्हटले, “आई, करायचं तुम्हीच. खळ मी करून देते.”

त्यांच्याकडे त्या नावाचा एकच कागद आहे, अकरावी मॅट्रिकची गुणपत्रिका, घडीवर फाटलेली. तिची झेरॉक्स काढली, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात परत ठेवला. महिना झाला, रोज दुपारी चहानंतर त्या कात्री घेऊन बसतात. चेहऱ्याला अजून सुरुवात नाही. सध्या नुसती नथ चालली आहे, चॉकलेटच्या चांदीची, आणि ती त्यांना तीनदा पसंत पडलेली नाही.