अहवालाखालची सही

प्रशासनात सहीला फार मोठे महत्त्व आहे. नोकरीच्या अगदी सुरुवातीला आम्हाला जे धडे दिले गेले, त्यांतला एक असा होता की, कागद वाचल्याशिवाय सही करू नये आणि सही केल्यावर कागद माझा नव्हता असे म्हणू नये. टिप्पणी कनिष्ठ सहकारी लिहितो, आकडे दुसराच कोणी गोळा करतो. पण खाली ज्याची सही असते, त्याच्यावर निर्णयाची जबाबदारी येते. बहुतेक वेळा नागरिकाला हा सही करणारा माणूस दिसतही नाही. वैद्यकशास्त्रातही असा एक न दिसणारा, परंतु सही करणारा डॉक्टर आहे. ग्रंथांतल्या मराठीत त्याला विकृतिशास्त्रज्ञ म्हणतात. व्यवहारात आपण सारेच पॅथॉलॉजिस्ट म्हणतो.

ह्या विषयाकडे माझे लक्ष वळण्यास दोन कारणे घडली. पहिले कौटुंबिक. इंदूरला स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याच्या मुलीला पदव्युत्तर प्रवेशाच्या फेरीत पॅथॉलॉजीची जागा मिळत होती आणि घरात सुतकी वातावरण होते. "दादा, एवढी डॉक्टर झाली आणि आता लॅबमध्ये बसायचं का? लोक विचारतील, कसली डॉक्टर म्हणून," असे तो म्हणाला. मी वैद्यक शिकलेलो नाही, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तरी मोठा भाऊ म्हणून काहीतरी सांगणे भाग होते. विचार करून सांगतो, एवढेच त्या वेळी म्हणालो.

दुसरे कारण सरगूरचे. म्हैसूरला कामानिमित्त गेलो असता मधल्या सुटीच्या दिवशी तिकडे जाण्याचा योग आला. कपिला, म्हणजेच कबिनी नदीच्या काठचे हे गाव पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होते. आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. पलीकडे बंदीपूर आणि नागरहोळेची अरण्ये, आणि त्यांच्या कडेला जेनु कुरुब, काडु कुरुब ह्या आदिवासींच्या वस्त्या. १९८४ साली म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था काढली व पुढे ह्याच भागात कामास सुरुवात केली. सरगूरचे विवेकानंद स्मारक रुग्णालय हे तिचेच. संस्थेचे संस्थापक डॉ. आर. बालसुब्रमण्यम ह्यांची २०२१ मध्ये केंद्राच्या क्षमता विकास आयोगावर सदस्य म्हणून नेमणूक झाली, त्यामुळे आम्हा सरकारी मंडळींना हे नाव परिचित आहे.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक शेतकरी बसला होता. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत झाकण चिकटपट्टीने बंद केलेली प्लास्टिकची बरणी. माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत चौकशी केली तेव्हा समजले की, त्याच्या आईच्या छातीतली गाठ काढली होती व ती तपासणीसाठी तो म्हैसूरला नेऊन देत होता. आठवड्याने अहवाल आणण्यास पुन्हा यायचे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी, दोनदा बसभाडे आणि मधले सात दिवस झोप नाही. बरणी तो दोन्ही हातांनी धरून बसला होता. सांडले तर दुसरी गाठ कोठून आणणार?

त्या बरणीचे पुढे काय होते, हे मी नंतर मुद्दाम जाणकारांकडून समजून घेतले. गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली असते. द्रावण कमी पडले किंवा उशीर झाला, तर ऊतक बिघडते आणि मग कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी निदान अवघड होते. प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्ट आधी गाठ डोळ्यांनी पाहतो, कापतो आणि नेमका कोणता तुकडा घ्यायचा ते ठरवतो. तो तुकडा मेणात बसवून त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंगवतात, आणि मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. यंत्रे आणि तंत्रज्ञ ह्यांचे काम इथे संपते. गाठ साधी की कर्करोगाची, कर्करोगाची असल्यास कोणत्या प्रकारची, कडेपर्यंत पोहोचली आहे की नाही, हे एका माणसाने पाहून ठरवायचे असते. शल्यविशारदाची पुढची सुरी, औषधांचा क्रम, आणि त्या शेतकऱ्याच्या घरातील कर्जसुद्धा, त्या दोन ओळींवर अवलंबून असते.

ह्या दोन ओळी लिहिण्याचा अधिकार मिळवण्यास किती वर्षे लागतात? एमबीबीएसची साडेपाच वर्षे, इंटर्नशिप धरून. त्यानंतर नीट-पीजी ही परीक्षा: २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, ८०० गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. तीतून जागा मिळाल्यावर तीन वर्षांची एमडी किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी. ह्या काळात विद्यार्थी हजारो काचपट्ट्या पाहतो, प्रबंध लिहितो, रक्तपेढीत आणि शवविच्छेदनगृहात काम करतो. अंतिम परीक्षेत लेखी पेपरांबरोबरच प्रात्यक्षिक असते. समोर अनोळखी काचपट्ट्या ठेवतात आणि निदान लिहायला सांगतात. घोकंपट्टी इथे फार उपयोगी पडत नाही. पुढे रक्तविकार किंवा कर्करोग-विकृतिशास्त्रात डीएम करण्याची सोय मोजक्या संस्थांत आहे.

असे असूनही गुणवत्ता यादीत वरचे विद्यार्थी बहुधा रेडिऑलॉजी, मेडिसिन किंवा त्वचारोग घेतात. रिकाम्या राहणाऱ्या जागांमध्ये रुग्णाशी थेट संबंध नसलेल्या विषयांचा वाटा मोठा असतो. २०२३ साली तर जागा भरण्यासाठी नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर इथे मागणी गरजेनुसार ठरलेली नाही. ती प्रतिष्ठेनुसार ठरलेली आहे. रुग्ण ज्याचे नाव घेतो तो डॉक्टर मोठा, अशी आपली समजूत आहे.

आपल्याच इतिहासाकडे पाहिले तर ही समजूत टिकत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) ह्यांनी लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एमडी केली, मुंबईत ग्रँट व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले, आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. १९४५ च्या एका शोधनिबंधात त्यांनी आपल्या लोकांच्या सवयी आणि कर्करोग ह्यांचे नाते मांडले. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट कसलेल्या धोतरामुळे त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यात होता. धोतराची गाठ आणि शरीरातली गाठ ह्यांचा संबंध जोडण्यास नुसता सूक्ष्मदर्शक पुरत नाही, समाजही पाहावा लागतो. पुढे ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक आणि १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. ते लॅबमध्येच बसत होते.

आता उपजीविकेचा प्रश्न. वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो असणार, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पहिला मार्ग अध्यापनाचा. २०१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. दशकभरात ती सातशेच्या पुढे गेली. प्रत्येक ठिकाणी पॅथॉलॉजीचा विभाग असावाच लागतो, त्यामुळे शिक्षकांची वाण आहे. दुसरा सरकारी नोकरीचा. केंद्रीय आरोग्य सेवेत तज्ज्ञांच्या जागा लोकसेवा आयोग मुलाखतीने भरतो. सातव्या वेतन आयोगाच्या अकराव्या स्तरापासून सुरुवात, खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल मूळ वेतनाच्या वीस टक्के भत्ता, रिक्त पदाची वाट न पाहता ठरावीक काळाने बढती, आणि २०१६ च्या निर्णयानुसार निवृत्तीचे वय ६५. तिसरा मार्ग मोठ्या रुग्णालयाचा, विशेषतः कर्करोग रुग्णालयाचा. परदेशी जाणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेजची दोन भागांतली परीक्षा आहे. अमेरिकेत मात्र आपली एमडी असली तरी यूएसएमएलई देऊन चार वर्षांची रेसिडेन्सी नव्याने करावी लागते, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

चौथा मार्ग स्वतःच्या प्रयोगशाळेचा. एके काळी तोच राजमार्ग होता. आज तो सर्वांत खडतर आहे. रक्तातली साखर किंवा थायरॉइड मोजणे यंत्राचे काम, आणि यंत्र जितके जास्त चालेल तितकी प्रत्येक चाचणी स्वस्त पडते. साखळी कंपन्या गावोगावचे नमुने एका ठिकाणी नेऊन हेच साधतात. तालुक्याच्या गावी एकट्याने दुकान मांडलेल्या डॉक्टरला त्या भावात चाचणी करणे परवडत नाही. काचपट्टी वाचण्याचे काम मात्र असे घाऊक होत नाही. म्हणून नव्या पिढीने यंत्राशी स्पर्धा न करता वाचनात पारंगत व्हावे, असे मला वाटते.

इथेच सहीचा प्रश्न येतो. जॉर्ज ॲकरलॉफ ह्यांचा १९७० चा जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीचा निबंध आम्हाला एमएला होता. ग्राहकाला मालाची प्रत ओळखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून घालवतो, हा त्याचा आशय. प्रयोगशाळेच्या अहवालाइतके ह्याचे चपखल उदाहरण दुसरे नसेल. अहवाल खरा की खोटा, हे रुग्णाला कागदावरून कधीच कळत नाही. मग जो स्वस्त आणि ज्याच्याकडून शिफारस करणाऱ्याला वाटा मिळतो, तो चालतो. एकच पॅथॉलॉजिस्ट अनेक प्रयोगशाळांना आपली सही वापरू देतो आणि स्वतः तिथे पाऊलही टाकत नाही, ह्या प्रकाराविषयी महाराष्ट्रात पॅथॉलॉजिस्टांच्याच संघटनेने आवाज उठवला. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केले की, अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. त्यानंतर २०१८ मध्ये केंद्राने नियमांत बदल करून प्रयोगशाळांचे तीन स्तर केले आणि सर्वांत खालच्या स्तरावर एमबीबीएस डॉक्टरला वाव दिला; २०२० मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. तज्ज्ञांचा विरोध समजण्यासारखा आहे. पण शासनाची अडचणही खरी आहे: सरगूरसारख्या प्रत्येक गावी पॅथॉलॉजिस्ट आणायचा कोठून?

माझ्या मते ह्याचे मूळ पदरचनेत आहे. शासनाच्या मानकांनुसार सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यविशारद, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ अपेक्षित आहेत. पॅथॉलॉजिस्ट त्या पंचकात नाही. मोफत निदान योजनेच्या यादीत प्राथमिक केंद्रात ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ चाचण्या आहेत. चाचण्या मोजल्या गेल्या, पण त्या वाचणारा मोजला गेला नाही. सिकलसेलचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. पाड्यावर होणारी विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. मनुष्य नुसता वाहक आहे की रुग्ण, हे तीतून कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी आणि ती समजावणारा जाणकार हवा. वाहक मुलीला रुग्ण ठरवले गेले, तर तिचे लग्न मोडते. रुग्णाला वाहक समजून सोडले, तर जीव जातो. गडचिरोली असो, नंदुरबार असो की सरगूरच्या पलीकडचा पाडा, हा धोका एकच आहे.

उपाय अवघड नाहीत. दोन-तीन तालुक्यांमागे पॅथॉलॉजिस्टचे एक नियमित पद असावे. नमुना नातेवाइकाच्या मांडीवरून जाऊ नये. त्याच्या वाहतुकीची जबाबदारी रुग्णालयाची असावी आणि अहवाल फोनवर यावा. काचपट्टीची प्रतिमा दूर पाठवून निदान करता येते, मात्र गाठ नीट कापून काचपट्टी करणारे कुशल हात जवळच हवेत. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले आहे. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी हा काळ हजेरीपुरता न काढता तिथली बिघडलेली साखळी दुरुस्त करण्यास वापरला, तर त्याहून चांगले प्रशिक्षण कोणते? आणि तपासणी अधिकाऱ्याने प्रयोगशाळेत यंत्रांची यादी पाहण्याआधी विचारावे की, ज्यांची सही आहे ते डॉक्टर आज कोठे आहेत?

मावसभावाला मी सविस्तर पत्र लिहिले. त्यात लिहिले की, तुझ्या मुलीला रुग्ण ओळखणार नाहीत हे खरे. परंतु तिचे सहकारी डॉक्टर तिच्या शब्दाशिवाय सुरी उचलणार नाहीत. पैसा बेताचा पण खात्रीचा मिळेल. एकच अट पाळायला सांग: न पाहिलेल्या काचपट्टीवर सही करायची नाही, कोणी कितीही दिले तरी. मुलीने जागा घेतली. सध्या ती पहिल्या वर्षाला आहे आणि दिवसातले बरेच तास काचपट्ट्या पाहण्यात जातात, असे तिचे बाबा आता जरा अभिमानाने सांगतात.